व्हायकिंग काळाचे पुरातत्त्व: सोलापुरातील एका मराठी अभ्यासवर्गाचा परिचय

सोलापुरात इतिहासावरील व्याख्यानांना श्रोत्यांची वानवा नसते; मात्र ती व्याख्याने बहुधा शिवकाळ, पेशवाई किंवा १९३० चा मार्शल लॉ यांच्याभोवती फिरतात. त्यामुळे सात रस्ता परिसरातील एका खासगी अभ्यास मंडळाने व्हायकिंग (साधारण आठव्या ते अकराव्या शतकांतील उत्तर युरोपचे दर्यावर्दी) काळातील पुरातत्त्वीय शोधांवर, तोही संपूर्णपणे मराठीतून, सशुल्क वर्ग जाहीर केला तेव्हा त्याला प्रतिसाद मिळेल की नाही याविषयी शंका व्यक्त होत होती. हिवाळ्यातील रविवारी सकाळी भरणाऱ्या या वर्गाला शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, निवृत्त गिरणी कामगार आणि पूर्व भागातील काही विणकर असा संमिश्र श्रोतृवृंद शेवटपर्यंत हजर राहिला. आता पुढील तुकडीची नोंदणी सुरू होत असल्याने इच्छुकांना उपयोगी पडावे म्हणून हा परिचय लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. हा वर्ग जरूर करावा असा आहे, कारण सापडलेल्या वस्तूवरून निष्कर्षापर्यंत कसे पोहोचायचे हे तो अतिशय प्रामाणिकपणे शिकवतो. त्याची सर्वांत मोठी उणीव ही की, विणकरांच्या शहरात भरूनही तो वस्त्रांना पुरेसा वेळ देत नाही.

पहिले सत्र ओसेबर्गच्या नौकेचे होते आणि ते सर्वोत्कृष्ट ठरले. नॉर्वेत टोन्सबर्गजवळच्या एका शेतातील टेकाडात १९०३ मध्ये या नौकेचा सुगावा लागला आणि १९०४ च्या उन्हाळ्यात गाब्रिएल गुस्ताफसन यांनी तिचे उत्खनन केले. सुमारे २१.५ मीटर लांबीची, पंधरा जोड वल्ह्यांची ही ओकची नौका निळसर चिकणमाती आणि गवताळ मातीच्या थरांखाली हवाबंद राहिल्यामुळे टिकली. तिच्यात दोन स्त्रियांचे अवशेष, कोरीव काम केलेली गाडी, घसरगाड्या, पलंग, बादल्या आणि अनेक घोड्यांची हाडे होती. दागिने मात्र फार पूर्वीच कोणीतरी टेकाड फोडून नेले होते. व्याख्यात्यांनी या वैभवाचे वर्णन थोडक्यात आटोपले आणि उरलेला सारा वेळ एकाच प्रश्नाला दिला: हे दफन इ. स. ८३४ मधील आहे असे कशावरून म्हणतात?

उत्तर झाडाच्या खोडात आहे. पावसापाण्याच्या वर्षी झाडाचे वार्षिक वलय रुंद होते, वाईट वर्षी ते अरुंद राहते, आणि एका प्रदेशातील झाडांमध्ये रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम बराचसा सारखा असतो. आजच्या झाडांपासून जुन्या इमारतींच्या तुळयांपर्यंत आणि तेथून उत्खननातील लाकडापर्यंत हे क्रम एकमेकांवर जुळवत मागे जाता येते. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले हेच कळते. ओसेबर्गच्या दफनकक्षासाठी वापरलेले लाकूड ८३४ मध्ये तोडलेले होते, तर नौका स्वतः त्याआधी, ८२० च्या सुमारास बांधलेली होती. व्याख्यात्यांनी प्रत्येकाच्या हाती वलयांच्या छापील पट्ट्या दिल्या आणि त्या जुळवायला लावल्या. तास-दीड तास सभागृहात सर्वजण पट्ट्या सरकवत होते, आणि त्यानंतर ८३४ हा आकडा कोणालाही नुसता पाठ करण्याचा सन वाटला नाही. हे अध्यापनाचे यश आहे.

याच सत्रात तुरटीचा उल्लेख आला. ओसेबर्गच्या बारीक कोरीव वस्तू आक्रसू नयेत म्हणून त्या काळी त्यांपैकी अनेक वस्तू तुरटीच्या गरम द्रावणात ठेवल्या गेल्या, आणि त्याच प्रक्रियेतून निर्माण झालेल्या आम्लामुळे ते लाकूड आज आतून पोखरले जात आहे. रंगकामाशी संबंधित श्रोत्यांना तुरटीचा गुणधर्म ठाऊक असल्याने या मुद्द्यावर चांगली चर्चा झाली. पुढे डेन्मार्कमधील रोस्किल्डे खाडीतून १९६२ मध्ये काढलेल्या पाच स्कुल्डेलेव नौकांच्या लाकडात पाण्याची जागा घेण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन मुरवले गेले, हा फरकही त्यांनी नीट समजावून सांगितला.

आता वस्त्रांविषयी. ओसेबर्गच्या नौकेत केवळ लाकूड नव्हते. मातीने दाबून एकमेकांना चिकटलेल्या कापडांचे गोळेच्या गोळे तेथे निघाले, आणि ते सोडवण्याचे काम अनेक वर्षे चालले. त्यांत लोकरीच्या अरुंद चित्रपट्टिका आहेत, ज्यांवर घोडे, गाड्या आणि माणसांची मिरवणूक विणली आहे. शंभराहून अधिक लहान तुकडे रेशमाचे आहेत, जे पूर्वेकडून, बायझंटाईन व मध्य आशियाई प्रदेशांतून आले असावेत. आणि एक अर्धवट राहिलेले विणकाम आहे, ज्यात ५२ छिद्रांकित पट्ट्या धाग्यांसह ओवलेल्या स्थितीत सापडल्या. या पट्ट्या लहान, चौकोनी आणि पातळ असतात. कोपऱ्यांतील छिद्रांतून ताण्याचे, म्हणजे उभे धागे ओवून पट्ट्या फिरवल्या की धागे आळीपाळीने वर-खाली होतात आणि मजबूत, नक्षीदार काठ तयार होतो. जेकॉर्ड मागाच्या छिद्रांकित पुठ्ठ्यांवर ज्या शहराची चादर उभी राहिली, तेथील श्रोत्यांसाठी याहून जवळचा विषय दुसरा कोणता असणार? तरीही वर्गाने हा सारा ऐवज एका सत्राच्या उत्तरार्धात, घाईघाईने उरकला.

त्या अर्ध्या सत्रात जे घडले त्यावरून या विषयाची ताकद लक्षात येते. उभ्या मागाचे चित्र पडद्यावर आले. व्हायकिंग काळातील हा माग भिंतीला टेकवून उभा करीत. ताण्याचे धागे वरच्या दांड्यावरून खाली सोडून त्यांना माती किंवा दगडाची वजने बांधत, आणि विणकाम वरून खाली होत जाई. पूर्व भागातील एका ज्येष्ठ विणकरांनी लगेच विचारले, “सर, इथं फणी दिसत नाही. मग बाणा ठोकतात कशानं?” व्याख्याते म्हणाले, “काका, तलवारीच्या आकाराची एक पट्टी असते, लोखंडाची किंवा देवमाशाच्या हाडाची. तिनं बाणा खालून वर ठोकतात.” त्यावर काकांनी हात वर करून ती हालचाल करून पाहिली आणि सांगितले की, दिवसभर उभे राहून, खांद्याच्या वर हात नेऊन असे काम करणाऱ्या बाईचे खांदे लवकर जात असतील. उत्खननात मागाची वजने जमिनीवर ओळीने पडलेली सापडली तर त्यांवरून मागाची रुंदीही कळते, हे व्याख्यात्यांनी त्यानंतर सांगितले. ही देवाणघेवाण आणखी तासभर चालायला हवी होती; पण वेळापत्रकामुळे ती तोडावी लागली.

जे सांगायचे राहिले त्यातील काही येथे नोंदवणे आवश्यक वाटते. स्वीडनमधील बिर्का या व्यापारी नगरात ह्यालमार स्टोल्पे यांनी १८७१ पासून सुमारे अकराशे थडगी उकरली, आणि त्यांतील वस्त्रावशेषांचा पद्धतशीर अभ्यास आग्नेस गाइयेर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील कापड बहुतांशी स्त्रियांच्या खांद्यांवरील काशाच्या फुगीर पिनांना चिकटून राहिले आहे, कारण धातू गंजताना सुटणारे तांब्याचे क्षार कापड कुजवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. म्हणजे जेथे पिना होत्या तेथेच कापड टिकले, आणि उरलेला पोशाख अंदाजाने पूर्ण करावा लागतो. आजच्या उत्तर जर्मनीतील हेडेबीच्या बंदरात याउलट घडले. तेथे जुन्यापान्या कपड्यांच्या चिंध्या डांबरात भिजवून नौकांच्या फटींत भरण्यासाठी वापरल्या जात, आणि त्या डांबरामुळेच सामान्य माणसांचे रोजचे कपडे आपल्यापर्यंत आले. इंग्लंडमधील यॉर्क शहरात कॉपरगेट येथे, १९७६ ते १९८१ या काळातील उत्खननात, सुईने गुंफलेला लोकरीचा मोजा आणि रेशमी टोपी मिळाली.

शिडाचा प्रश्न तर याहूनही मोठा आहे. स्कुल्डेलेव येथील दुसऱ्या क्रमांकाची सुमारे ३० मीटर लांबीची युद्धनौका १०४२ मध्ये डब्लिनमध्ये बांधली गेली होती, हे तिच्या ओकच्या वलयांवरून सिद्ध झाले आहे. तिची प्रतिकृती २००७ मध्ये रोस्किल्डेहून डब्लिनला गेली आणि पुढच्या वर्षी परतली. तिच्या शिडाचे क्षेत्रफळ ११२ चौरस मीटर आहे. एका सेंटीमीटरला ताण्याचे दहा आणि बाण्याचे सहा धागे धरले, तर एवढ्या शिडाला जवळपास १८० किलोमीटर सूत लागेल, म्हणजे सोलापूर ते पुणे या अंतराच्या दोन तृतीयांशाहून अधिक. टकळीवर तासाला ५० मीटर सूत निघते असे मानले तरी केवळ कताईला सुमारे ३,६०० तास हवेत; विणकाम, चरबी लावणे आणि शिवण वेगळी. हा हिशेब ढोबळ असला, तरी व्हायकिंगांच्या सागरी सत्तेमागे किती स्त्रियांची बोटे राबत होती हे त्यावरून दिसते. नौकांवर सत्रे खर्च करणाऱ्या वर्गाने शिडावर एकही सत्र न देणे मला पटत नाही.

बिर्कामधील क्रमांक ५८१ च्या थडग्याचे सत्र संयत होते. १८७८ मध्ये उकरलेल्या या थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाली, दोन घोडे आणि सोंगट्यांचा संच होता, आणि त्यामुळे जवळजवळ शतकभर ते एका योद्ध्या पुरुषाचे मानले गेले. २०१७ मध्ये शार्लट हेडेन्स्टिएर्ना-योन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात त्या हाडांची व्यक्ती स्त्री असल्याचे स्पष्ट झाले. या बातमीने जगभर मथळे झाले, परंतु शस्त्रांसह पुरले म्हणजे ती व्यक्ती हयातीत लढलीच असेल का, हा आक्षेप ज्युडिथ जेश यांच्यासारख्या अभ्यासकांनी घेतला. व्याख्यात्यांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि एक मार्मिक प्रश्न विचारला: तीच शस्त्रे पुरुषाजवळ असताना हा आक्षेप कोणी का घेतला नव्हता? शिंगांच्या शिरस्त्राणाचा विषय त्यांनी काही मिनिटांत संपवला, आणि ते योग्यच झाले. १९४३ मध्ये नॉर्वेतील येर्मुन्डबू येथे मिळालेल्या शिरस्त्राणाला शिंगे नाहीत. डेन्मार्कमधील व्हेक्स्यो येथील शिंगांची शिरस्त्राणे कांस्ययुगातील, म्हणजे व्हायकिंगांच्या कितीतरी शतके आधीची आहेत.

कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरील लान्स ओ मेडोज या स्थळाचे सत्र ओसेबर्गच्या तोडीचे झाले. हेल्गे इंगस्टाड यांनी १९६० मध्ये हे स्थळ शोधले आणि त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ आन स्टीने इंगस्टाड यांच्या नेतृत्वाखाली १९६१ पासून तेथे उत्खनन झाले. कोलंबसाच्या पाचशे वर्षे आधी युरोपीय माणसे अमेरिकेत पोहोचली होती याचा हा ठोस पुरावा ठरला. पण नेमके वर्ष अनेक दशके हाती लागत नव्हते. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी जी युक्ती योजली ती व्याख्यात्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावली. इ. स. ९९३ मध्ये एका वैश्विक किरणोत्सर्गी घटनेमुळे जगभरातील झाडांच्या त्या वर्षीच्या वलयात किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण अचानक वाढले. धातूच्या हत्याराने कापलेल्या तीन वेगवेगळ्या झाडांच्या लाकडांत ते वलय शोधून तेथपासून सालीपर्यंत मोजले असता तिन्ही ठिकाणी २८ वलये पुढे भरली. ९९३ मध्ये २८ मिळवले की १०२१ येतात.

येथे वर्गाने सोलापूर जिल्ह्याशी जो दुवा जोडला तो मला विशेष भावला. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे, जो कालनिर्देश असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी एक आहे. त्याच १०१८ च्या सुमारास क्नूट डेन्मार्कच्या गादीवर आला, आणि तीन वर्षांनी अटलांटिकपलीकडे ती झाडे तोडली गेली. या समकालीनतेतून कोणताही संबंध सिद्ध होत नाही, असे व्याख्यात्यांनी बजावूनही सांगितले. तरीही ज्या मंदिरात आपण सहकुटुंब जातो त्याच्या तुळईवर त्या काळाचा आकडा कोरलेला आहे हे कळल्यावर व्हायकिंग काळ हाताशी आल्यासारखा वाटतो. एक गोष्ट मात्र निसटली. लान्स ओ मेडोजमध्ये साबणदगडाची टकळीची चकती सापडली आहे, आणि त्या वसाहतीत स्त्रिया होत्या असे म्हणायला तो एक महत्त्वाचा आधार आहे. वस्त्रांकडे दुर्लक्ष झाल्याचा फटका येथेही बसला.

रेप्टनविषयी थोडेच सांगतो. ८७३-७४ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधील या ठिकाणी व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने तळ दिला होता आणि तेथे किमान २६४ माणसांची हाडे मिळाली, पण त्यांतील काहींचे कार्बन कालमापन (हाडांत उरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून काढलेले वय) आधीच्या शतकांतील येत होते. मासे जास्त खाणाऱ्यांच्या हाडांत समुद्रातील जुना कार्बन साचतो आणि वय फुगते, ही दुरुस्ती केल्यावर बहुतेक आकडे जुळले. चांदीच्या ठेव्यांवरील सत्र मात्र नुसती यादी झाले. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये मिळालेला स्पिलिंग्सचा ६७ किलो चांदीचा ठेवा, त्यातील १४,००० हून अधिक नाणी, ही माहिती रोचक आहे. परंतु बगदादकडील दिरहम ही चांदीची नाणी बाल्टिक समुद्रातील बेटावर कोणत्या नद्यांनी, कशाच्या मोबदल्यात पोहोचली हे सांगितले नाही तर आकडे निर्जीव राहतात. स्कॉटलंडमध्ये २०१४ मध्ये मिळालेल्या गॅलोवे ठेव्यातील वस्तू कापडात गुंडाळलेल्या होत्या आणि त्यांत रेशीमही होते, याचा तर उल्लेखही झाला नाही.

भारताशी असलेल्या धाग्यांचे सत्र लोकप्रिय ठरणार हे उघडच होते. स्वीडनमधील स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर १९५० च्या दशकातील उत्खननात मिळालेली बुद्धमूर्ती सहाव्या शतकातील असून ती भारतीय उपखंडाच्या वायव्य भागातली, बहुधा स्वात खोऱ्यातली आहे. मंडळाने तिची रेझिनची प्रतिकृती हाताळायला दिली. जेमतेम साडेआठ सेंटीमीटरची ती मूर्ती तळहातावर घेतल्यावर ती एवढ्या लांब का जाऊ शकली हे लगेच समजते. नॉर्वेतील गोकस्टाडच्या नौकेत, १८८० च्या उत्खननात, मोराचे अवशेष निघाले होते. व्हायकिंग थडग्यांतील लालसर अकीक मण्यांचे मूळ अनेक अभ्यासक गुजरातकडे शोधतात. व्हायकिंग भारतात आले होते का, असा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. वस्तू हातोहात जातात, माणूस तिच्याबरोबर शेवटपर्यंत जातोच असे नाही, हे उत्तर व्याख्यात्यांनी ठामपणे दिले.

मंडळाला एक सूचना याच संदर्भात करतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथून भडोचला पुष्कळ कापड जात असे, असे पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. ते कापड आज कोठेही नाही. आपल्या उष्ण हवेत आणि पावसाळी मातीत सूत टिकले नाही. उरली ती एका परदेशी व्यापाऱ्याची नोंद आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयातील मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंती बाहुली अशा टिकाऊ वस्तू. ओसेबर्गमध्ये याच्या उलट, कापड आहे पण ते विणणाऱ्यांविषयी एक अक्षर लिहिलेले नाही. तेथेही निवड मातीनेच केली आहे: लोकर आणि रेशीम राहिले, तर जवसाच्या (लिनन) धाग्यांसारख्या वनस्पतीजन्य धाग्यांचा बहुतांश भाग विरून गेला. पुरावा म्हणून काय उरते आणि काय नाहीसे होते, हा या वर्गाचा खरा विषय आहे, आणि तो शिकवायला तेर आणि ओसेबर्ग शेजारी ठेवण्यासारखे दुसरे साधन मला दिसत नाही.

वर्गाच्या पुस्तिकेबाबत तक्रार करावीच लागेल. छपाई स्वच्छ आहे, मराठी पारिभाषिक शब्द विचारपूर्वक वापरले आहेत. पण बहुतेक छायाचित्रांवर मोजपट्टी नाही, त्यामुळे पिन आणि ढाल एकाच आकाराची दिसते. विशेषनामांचे लेखन पानागणिक बदलते. नकाशा एकच आहे आणि त्यात हेडेबी, बिर्का व हेल्गो ही तिन्ही ठिकाणे दाखवलेली नाहीत. ओसेबर्गच्या कोरीव प्राणिशीर्षाची प्लास्टिकची प्रतिकृती इतकी गुळगुळीत आहे की मूळ कोरीव कामातील एकमेकांत गुंतलेल्या रेषा दिसतच नाहीत. ती काढून टाकून मोठे छायाचित्र लावावे. सभागृह हवेशीर आहे, पडदा मागच्या रांगेतून दिसतो, चहाची सोय आहे. शुल्क एका बऱ्या पुस्तकाच्या किमतीएवढे असून विद्यार्थ्यांना सवलत मिळते, आणि दिलेल्या ज्ञानाच्या मानाने ते कमीच म्हणावे लागेल.

नॉर्वेतील येल्लेस्टाडच्या नौकेवरील शेवटचे सत्र नव्या तुकडीत आणखी लांबवणार असल्याचे आयोजकांनी सांगितले आहे. २०१८ मध्ये जमीन न खोदता रडारने तिचा आकार टिपला गेला, आणि २०२० पासूनच्या उत्खननात लाकूड बुरशीने बहुतांशी खाल्लेले, पण गंजलेल्या लोखंडी खिळ्यांच्या रांगा मात्र जागेवर असल्याचे आढळले. त्या खिळ्यांच्या स्थानांवरून नौकेचा बांधा मांडता येतो. सत्र लांबवण्याचा निर्णय चांगला आहे, परंतु त्यासाठी वस्त्रांचा वेळ आणखी कापला जाऊ नये. माझी विनंती स्पष्ट आहे: चांदीचे सत्र अर्धे करावे, वस्त्रांना पूर्ण सत्र द्यावे आणि त्या दिवशी व्यासपीठावर व्याख्यात्यांच्या शेजारी पूर्व भागातील एखाद्या हातमाग विणकराला सन्मानाने बसवावे. इतिहासाच्या शिक्षकांनी आणि वस्त्रनिर्मितीच्या विद्यार्थ्यांनी तर हा वर्ग चुकवू नये. सर्व सत्रांना येणे शक्य नसेल, तर ओसेबर्ग आणि लान्स ओ मेडोज या दोन सत्रांसाठी स्वतंत्र प्रवेश मिळतो. तो अवश्य घ्यावा.